आधी अपडेट

लॅपटॉप शुक्रवारी दुपारी आला. कुरिअरवाल्यानं खोकं टेबलावर ठेवलं तेव्हाच करुणानं ते ओळखलं, आणि हातातल्या मातीच्या पिशवीवर नंबर टाकायचं सोडून ती उठून उभी राहिली. मे महिना होता. चिकलठाण्यातल्या त्या माती परीक्षण केंद्रात कूलर नुसता घरघरत होता, हवा कमी आणि आवाज जास्त. पण त्या घटकेला तिला सगळं छान वाटलं.

या केंद्रात तिला सतरा वर्षं झाली होती. सर्जेराव सरांनी केंद्र काढलं तेव्हा पहिली नोकरी तिलाच दिली होती. शेतकरी पिशवीभर माती आणून देत, केंद्रात ती तपासली जाई, आणि कुठल्या पिकाला कुठलं खत किती घालायचं त्याचा कागद त्यांच्या हातात पडे. तो कागद ज्या आकडेमोडीवर निघे, ती सगळी करुणानं बसवलेली. एक्सेलची एक फाईल होती, 'शिफारस खरी अंतिम' नावाची. मातीचे आकडे भरले की खताचे आकडे बाहेर. दिसायला साधी, पण त्यात वैजापूरच्या कांद्यापासून सिल्लोडच्या मक्यापर्यंत सतरा वर्षांत आलेल्या हजारो पिशव्यांचा अनुभव मुरलेला होता. कुठल्या भागातल्या जमिनीत पुस्तकातली शिफारस लागू पडत नाही, हे तिनं शेतकऱ्यांना हंगामानंतर फोन करकरून विचारलं होतं आणि त्याप्रमाणे फाईल दुरुस्त केली होती.

आणि हे सगळं चालायचं एका जुनाट लॅपटॉपवर. त्याची बिजागरी तुटलेली, पडदा मागं पडू नये म्हणून त्याला पाण्याच्या बाटलीचा टेकू. 'न'चं बटण जोरात दाबल्याशिवाय उमटत नसे. नव्यासाठी तिनं सरांना तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा सर म्हणाले होते, "बघू की."

म्हणून ती उभी राहिली. सरांनी खोकं उचललं, तिच्या टेबलासमोरून गेले आणि खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवलं. ते टेबल प्रेरणाचं होतं.

"गावोगाव फिरते ना ही," सर म्हणाले. "बुधवारी वैजापूरला मेळावा आहे. मोठ्या पडद्यावर दाखवायचंय लोकांना. ते तुमचं डबडं तिथं नेऊन काय दाखवणार?" मग करुणाकडं वळून म्हणाले, "करुणाबाई, तुमच्याकडचा सगळा डेटा हिच्याकडं टाकून द्या. तुम्हालाच ठाऊक, कुठं काय आहे ते."

करुणा परत बसली. पिशवीवर नंबर टाकायला पेन उचललं तर आधीचा नंबर कितीवर आला होता तेच तिला आठवेना.

प्रेरणाला येऊन दोन वर्षं झाली होती. परभणीहून शेतीची पदवी घेतलेली, उंच, मोकळ्या हसण्याची मुलगी. माती तपासायला ती काही फार हुशार होती असं नाही. मातीची आम्लता, म्हणजे सामू, मोजताना दोनदा चुकलेलं करुणानं स्वतः पाहिलं होतं. पण बोलायला उभी राहिली की पारावरची म्हातारीकोतारीही कान देत. पेपरात दोनदा फोटो आला होता. फोटोखाली केंद्राचं नाव, प्रेरणाचं नाव. करुणानं काढलेले आकडे बातमीत होते, करुणा नव्हती.

खरं तर आधी गावांना जायला सरांनी करुणालाच विचारलं होतं. नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा लेक लहान होती, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "आत्ता नको," एवढंच ती म्हणाली होती. सरांना त्यातलं 'नको' तेवढं ऐकू आलं असावं; त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि आता जमेल म्हणून सांगायला करुणाचीही जीभ उचलली नाही.

संध्याकाळी प्रेरणा खोकं घेऊन तिच्याकडं आली.

"ताई, रविवारी मी सिल्लोडला आहे. तुम्ही घरी न्याल का? इथलं नेट फार रडतं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि डेटा टाकायच्या आधी सगळे अपडेट होऊ द्या, हां. नवा असला तरी दोन-तीनदा रिस्टार्ट मागतो. माझ्या आधीच्या ऑफिसात डेटा चालू असतानाच अपडेट सुरू झालं, अन् अर्धं काम लटकलं."

"मला माहितीये," करुणा म्हणाली.

तिला ते माहीत नव्हतं. त्यामुळेच जास्त लागलं.

रविवारी सकाळी नळाचा दिवस होता. आठव्या दिवशी पाणी येणार म्हणून मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत घरोघरी ड्रम, हंडे, बादल्या रांगेनं मांडलेल्या. नवरा पहिल्या पाळीला वाळूजच्या कारखान्यात गेला होता. करुणानं पाइप ड्रममध्ये सोडला, हात पुसले आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच खोकं उघडलं.

कागदाच्या घडीतून लॅपटॉप निघाला तो राखाडी, पातळ, थंडगार. सासूबाई मुक्ताबाई दारात पाटावर बसून भेंडी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली.

"तुला दिला का गं?"

"नाय. प्रेरणाला."

"ती कवा आली?"

"दोन वर्षं झाली."

मुक्ताबाईंनी भेंडीचं देठ उडवलं. "कानामागून आली अन् तिखट झाली म्हण की."

करुणानं लॅपटॉपचं बटण दाबलं. पण कुणीतरी हे तोंडानं म्हटलं म्हणून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिची तीच चपापली.

लॅपटॉपनं भाषा विचारली, देश विचारला, वायफायचा पासवर्ड मागितला. मग एक रिकामी चौकट आली: हा संगणक कोण वापरणार आहे, नाव लिहा.

करुणानं बोटं बटणांवर ठेवली. 'प्रे' लिहायला हवं होतं. ड्रम भरून पाणी वाहू लागलं होतं, त्याचा आवाज येत होता. तिनं लिहिलं, 'करुणा'. त्या नावात 'न' नव्हता, तरी सगळी बटणं कशी लोण्यासारखी दाबली गेली. पुढं पिन मागितला. तिनं नोकरीला लागल्याचं वर्ष टाकलं. मग ती पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकायला पळाली.

परत आली तेव्हा अपडेट सुरू झाले होते. चौदा टक्के. हंडा भरला, एकवीस टक्के. वरच्या टाकीची मोटर लावली, एकवीसच. मग एकदम साठ, मग रिस्टार्ट, आणि पुन्हा शून्यापासून दुसरं काहीतरी. ती ये-जा करत राहिली. प्रत्येक फेरीला तिच्या डोक्यात एकेक जुनी गोष्ट वर येई. दिवाळीला सरांनी प्रेरणाच्या आईवडलांना जेवायला बोलावलं होतं. मागच्या वर्षी एका शेतकऱ्यानं शाल दिली ती केंद्राला म्हणून दिली होती, पण खांद्यावर पडली प्रेरणाच्या. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रेरणा आपणहून म्हणाली होती, "ताई, ही शाल खरी तुमची." करुणानं हसून नको म्हटलं होतं. ती पोरगी वाईट असती तर किती सोपं झालं असतं, असं तिला दुसरी बादली उचलताना वाटलं. चांगल्या माणसाचा राग करायला जास्त जोर लागतो, आणि तो जोर ती दोन वर्षं लावत होती.

तिसऱ्या रिस्टार्टनंतर पडदा उजळला आणि त्यावर आलं: स्वागत आहे, करुणा.

सतरा वर्षांत एवढं कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याची तिला लाजही वाटली. मुक्ताबाई बघत नाहीत ना, हे तिनं आधी पाहिलं.

पाणी गेल्यावर ती केंद्रातच जुन्यातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणलेला डेटा नव्यात टाकायला बसली. अहवाल, फोटो, शेतकऱ्यांची नावं, पत्रं. एकेक फोल्डर सरकत गेलं. शेवटी 'शिफारस खरी अंतिम' उरली. एवढीशी फाईल, डोळ्याची पापणी लवायच्या आत गेली असती.

करुणानं ती टाकली नाही.

मागितली तर देऊ, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला.

सोमवारी प्रेरणानं लॅपटॉप उघडला आणि नाव बघून हसली. "अरे, करुणा? असू द्या ताई, राहू द्या. तुमच्याच नावानं चालवते मी. शुभ आहे." तिनं पिनसुद्धा बदलला नाही, विचारून लिहून घेतला. "सगळं आलं ना?"

"आलं," करुणा म्हणाली.

मंगळवारी दिवसभर तिनं वाट पाहिली. प्रेरणा आपल्या चित्रांमध्ये, फोटोंमध्ये गढून गेली होती. फाईल उघडून बघायची तिला आठवणच झाली नाही. चारदा करुणाच्या ओठांवर आलं. चारदा तिनं ते गिळलं.

बुधवारी साडेदहाला फोन आला. मागं माणसांचा गलका होता.

"ताई, शिफारशीची फाईल कुठल्या फोल्डरमध्ये टाकलीय? दिसेना मला."

"तिथंच असंल. अहवालात बघ."

"बघितलं. शोधूनही बघितलं. नाहीये."

करुणासमोर जुना लॅपटॉप उघडा होता, बाटलीच्या टेकूवर. फाईल त्यात डोळ्यांसमोर होती. सर आतल्या खोलीत कुणाशी तरी बोलत होते. आत्ता खरं बोलावं असा एक क्षण आला आणि तो तिनं जाऊ दिला.

"मग अपडेटमध्ये गेली असंल," ती म्हणाली. "तूच म्हणालीस ना, आधी अपडेट करा म्हणून. त्यातच काहीतरी झालं असंल."

मग प्रेरणा हळू आवाजात म्हणाली, "व्हय. मीच म्हणाले होते. अन् काल तपासायला पाहिजे होतं, तेही केलं नाही. जुन्यावर असंल का?"

"तो सकाळपासून चालूच होत नाहीये. बघते."

करुणानं फोन ठेवला. हेच तर हवं होतं: प्रेरणा लोकांसमोर उभी आहे, मागं मोठा पडदा आहे आणि दाखवायला काही नाही. किती दिवस मनातल्या मनात हे चित्र तिनं रंगवलं होतं. आता ते खरं झालं, तर तिला त्यात प्रेरणाचं तोंड दिसेना. 'व्हय, मीच म्हणाले होते' एवढंच ऐकू येत राहिलं. ती उठली, माठातलं पाणी प्याली, परत आली. फाईल मेलला जोडली. पाठवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि तसंच धरून बसली. पाठवावं तर लॅपटॉप बंद असल्याची थाप उघडी पडणार.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"ताई, जमलं का काही? इथं एक गंमत झालीय. पडद्यावर लॅपटॉप सुरू केला तर तुमचं नाव आलं मोठ्या अक्षरात. लोक विचारायला लागले, ही करुणा कोण? मी सांगून टाकलं. म्हटलं, तुमच्या मातीचा जो कागद निघतो ना, तो या बाईंच्या डोक्यातून निघतो. माझ्या चुकीमुळं आज त्यांचं काम तुम्हाला दाखवता येत नाहीये. आता लोक म्हणतात, मग त्यांनाच फोन लावा."

"झालाय चालू," करुणा म्हणाली. "आत्ताच झाला. मेल करते."

"इथं नेट नाही हो धड, गोदामच आहे हे. मेल उतरत नाही. तुम्ही फोनवर सांगाल का? माइकजवळ धरते."

आणि तिनं धरला. गलका थांबला. मग एक खणखणीत बाईचा आवाज आला.

"ताई, मी वच्छलाबाई बोलते. कांद्याचं रान हाय. माती तपासल्याच्या कागदावरले आकडे वाचू का?"

"वाचा," करुणा म्हणाली.

वच्छलाबाईंनी अडखळत आकडे वाचले. करुणानं भरले. उत्तर आलं, पण उत्तराच्या आधीच तिला ती जमीन दिसली, चुनखडीची, उन्हाळ्यात पांढरट पडणारी.

"मावशी, कांदा पिवळा पडतो का तुमचा, शेंडे वाळतात?"

"पडतो की. तुम्हाला कसं कळलं?"

"नत्र वाढवू नका त्याच्यासाठी. तुम्ही वाढवत असणार."

पलीकडं लोक हसले. वच्छलाबाईही हसल्या. "वाढवलं बाई, दोन साल वाढवलं."

"गंधक कमी आहे तुमच्या रानात. किती घालायचं ते सांगते, लिहून घ्या."

वच्छलाबाई झाल्या, मग दुसरा कुणी, मग तिसरा. दीड तास चाललं. एकजण म्हणाला, माझं बी बघा की ताई, लांबून आलोय. एका म्हाताऱ्यानं विचारलं, तुम्ही आमच्याकडं कवा येणार? मधेच सर बाहेर येऊन दारात उभे राहिले आणि ऐकत राहिले. शेवटी टाळ्या वाजल्या. फोनमधून त्या पत्र्यावर खडे पडावेत तशा ऐकू आल्या.

इतकी वर्षं तिनं ज्याची वाट बघितली होती ते हेच. आणि ते तिच्या हातात आलं होतं तिनं जिचा घात केला तिच्याच हातून. तिला जेवणाचा डबा उघडवेना.

साडेपाचला प्रेरणा परत आली ती कांद्याची अर्धी गोणी घेऊनच. उन्हानं तोंड लाल झालेलं. "फोनवाल्या ताईला द्या म्हणून वच्छलाबाईंनी दिलेत. ताई, काय झालं सांगू का, माझ्या भाषणाला पण एवढे लोक कधी..."

"प्रेरणा," करुणा म्हणाली. "फाईल हरवली नव्हती."

प्रेरणानं गोणी खाली ठेवली.

"मी टाकलीच नव्हती. मुद्दाम. अन् जुना लॅपटॉपपण बंद नव्हता."

कूलर घरघरत होता. प्रेरणा तिच्याकडं बघत राहिली, एखादं ओळखीचं माणूस चारचौघांत अनोळखी वाटावं तसं.

"का?" तिनं विचारलं.

करुणाकडं पुष्कळ कारणं होती. शाल, फोटो, टेबल, तीनदा म्हटलेलं 'बघू की'. सांगायला गेली तर एकही प्रेरणानं केलेलं निघेना.

"तुझा हेवा वाटतो म्हणून," ती म्हणाली.

"दोनशे माणसांसमोर मी माझी चूक म्हणून सांगितलं, ताई," प्रेरणा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तिनं पर्स उचलली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी करुणानं सरांना स्वतःहून सगळं सांगितलं. सर चष्मा काढून पुसत बसले.

"लॅपटॉप पाहिजे होता तर मागायचा," ते म्हणाले.

"मागितला होता. तीनदा."

सरांनी चष्मा पुन्हा पुसला. "झालं ते बरं झालं नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "माझंही लक्ष नव्हतं." त्यांनी तिला काढलं नाही, पण त्या आठवड्यात तिच्याशी कामापुरतंच बोलले. प्रेरणाही तसंच. ताईचं आता 'मॅडम' झालं होतं. फाईल तिनं घेतली, तपासली, आभार मानले. नावही बदललं, पिनही. करुणानं ते पाहिलं आणि यात तिला बोलायला काही जागा नव्हती.

जूनच्या सुरुवातीला, पहिल्या पेरणीची घाई असताना, प्रेरणा एक कागद घेऊन तिच्या टेबलाशी आली.

"मॅडम, इथं जस्त तुम्ही दुप्पट का धरलंय? पुस्तकात एवढं नाही."

"गावं बघ कुठली आहेत ती," करुणा म्हणाली. "सिल्लोडच्या वरच्या बाजूची. तिथं मका तीन वर्षं बुटका राहिला होता. मी सत्तावीस जणांना फोन केले होते."

प्रेरणानं खुर्ची ओढली. "हे कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही."

"मग लिहायला पाहिजे ना."

त्या दिवशी दोघी साडेसातपर्यंत बसल्या. करुणा सांगत गेली, प्रेरणा लिहीत गेली. मैत्री वगैरे काही झाली नाही. पण सिल्लोडच्या मेळाव्याचं ठरलं तेव्हा प्रेरणाच सरांना म्हणाली, "मॅडमना पण घ्या. मक्याचं त्यांनीच सांगावं."

सिल्लोडला करुणा पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिली. हातात चार पानं, त्यावर आकडेच आकडे. तिनं ते सगळे वाचले. दहाव्या मिनिटाला माणसं चुळबुळू लागली, मागचे दोघे तंबाखू मळायला उठून गेले. तेव्हा प्रेरणा उठली आणि म्हणाली, "मॅडम सांगतायत ते एका वाक्यात सांगते. तुमचा मका उपाशी आहे, अन् तुम्ही त्याला नुसतं पाणी पाजताय." सगळे हसले, गेलेले दोघेही परत येऊन बसले.

करुणाच्या मनात तेच जुनं पुन्हा वर आलं. सतरा वर्षांचं काम माझं आणि हसू हिला. ते गेलेलं नव्हतं. ती खाली मान घालून बसून राहिली.

परतीच्या वाटेवर जीप फुलंब्री ओलांडून पुढं आली. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं होती. करुणानं पानं मांडीवर घेतली.

"बोलतेस चांगलं तू," ती म्हणाली.

प्रेरणानं तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही आकडे फार सांगता."

ते लागलं. करुणानं खिडकीबाहेर बघून ते लागू दिलं. मग पर्समधून पेन काढलं.

"किती कमी करू?"

"निम्मे तरी."

जीप धक्के खात होती, रेघ सरळ येत नव्हती. करुणानं पहिल्या पानापासून एकेक आकडा खोडायला सुरुवात केली.